‘पेटंट मिळाले’ म्हणण्याआधी अर्जाचा क्रमांक पाहा

महोदय,

‘अमुक प्राध्यापकांना पेटंट’, ‘तमुक विद्यार्थ्याच्या यंत्राला पेटंट’ अशा बातम्या आपल्या आणि इतर दैनिकांच्या सांगली-सातारा पानांवर वरचेवर येतात. कौतुक व्हायलाच हवे. पण बातमीसोबतचा प्रमाणपत्राचा फोटो जरा मोठा करून पाहिला, तर पुष्कळदा ते पेटंट नसतेच. कुठे नुसता अर्ज जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेला असतो, कुठे ब्रिटनमधल्या कार्यालयाची डिझाइन नोंदणी असते. कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत पॅड प्रिंटिंग (कोरलेल्या प्लेटवरची शाई मऊ पॅडने उचलून वस्तूवर ठसवणे), स्क्रीन प्रिंटिंग आणि त्यांना लागणारी जिग-फिक्स्चर (वस्तू जागच्या जागी धरणारी साधने) करणाऱ्यांना हा गोंधळ थेट धंद्यात भोवतो. कुणी ‘आमचे पेटंट आहे, हा जॉब करू नका’ म्हणून दटावतो आणि समोरचा कागद न मागताच मागे सरतो. उलट ज्याच्याकडे खरोखर पेटंट घेण्याजोगे काही असते, तो ते आधी मोबाइलच्या स्टेटसवर टाकून मोकळा होतो. म्हणून हे लांबलेले पत्र.

आधी टप्पे. अर्ज दाखल झाल्यावर 18 महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये आपोआप प्रसिद्ध होतो. घाई असेल तर फॉर्म 9 आणि शुल्क भरले की साधारण महिनाभरात होतो. या प्रसिद्धीआधी शोधाच्या नावीन्याची कसलीही तपासणी झालेली नसते. चाकाचा शोध लावल्याचा अर्ज केला तरी तो प्रसिद्ध होईल. तपासणी हवी असेल तर फॉर्म 18 वेगळा भरावा लागतो. 2024 च्या दुरुस्त नियमांनुसार त्याची मुदत अर्जाच्या पहिल्या तारखेपासून 31 महिने आहे. ती चुकली की अर्ज मागे घेतला असे धरले जाते, आणि घाईने प्रसिद्ध केलेले अनेक अर्ज असेच विरतात. फॉर्म भरला तर तपासनीसाचा पहिला अहवाल येतो. त्यात बहुधा जुन्या दोन-तीन पेटंटांचा हवाला देऊन ‘यात नवे काय?’ असे विचारलेले असते. उत्तराला सहा महिने, मागितल्यास आणखी तीन. यातून पार पडले तर मंजुरी. मंजुरीआधी कुणावरही उल्लंघनाचा खटला भरता येत नाही.

ब्रिटनच्या डिझाइन नोंदणीत तर आकार नवा आहे का हे कार्यालय तपासतच नाही. शुल्क भरा, प्रमाणपत्र घ्या. हळद, बेदाणा आणि मिरजेची सतार यांची गोष्ट तिसरीच. ते भौगोलिक मानांकन आहे, त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचे मिळून असते, दर दहा वर्षांनी नूतनीकरण होते. त्याला पेटंट म्हणण्याची सवय आपल्याकडे सभेतल्या भाषणांपासून बातम्यांपर्यंत सगळ्यांना आहे.

आता थोडे गोल्फबद्दल. सांगलीत गोल्फ खेळणारे शोधावे लागतील, हे कबूल. पण पेटंट वाचायला शिकायचे तर गोल्फच्या किरकोळ साहित्याइतका चांगला धडा नाही, आणि छपाईवाल्यांसाठी तर तो नेमका लागू पडतो. जगभरची पेटंटे ज्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात लावली जातात, त्यात छपाईच्या पद्धतींचा एक उपवर्ग आहे: बी 41 एम 1/40. विशिष्ट आकाराच्या वस्तूंवरील छपाई हा त्याचा विषय, आणि उदाहरणे म्हणून तिथे गोल्फचे चेंडू, मेणबत्त्या आणि बाटल्यांची बुचे छापलेली आहेत. चेंडू ठेवायच्या टी, चेंडूची जागा खुणावणारे मार्कर वगैरे साहित्य ए 63 बी 57 मध्ये सापडते. बाटलीचे झाकण असो, कपाटाची गोल मूठ असो किंवा खेळणे, वक्र पृष्ठभागावर छापणाऱ्याने याच उपवर्गापासून शोध सुरू करावा.

टी म्हणजे फटक्याआधी चेंडू टेकवायची बोटाएवढी खुंटी. ती येण्याआधी खेळाडू ओल्या वाळूचा ढीग करून त्यावर चेंडू ठेवत. 1889 मध्ये स्कॉटलंडच्या ब्लॉक्सम आणि डग्लस यांनी जमिनीवर नुसती ठेवायची टी ब्रिटनमध्ये पेटंट केली. 1892 मध्ये पर्सी एलिस यांनी जमिनीत रुतणारी आणली. 12 डिसेंबर 1899 रोजी बोस्टनचे कृष्णवर्णीय दंतवैद्य जॉर्ज ग्रँट यांना अमेरिकी पेटंट 638920 मिळाले. त्यांची टी म्हणजे निमुळती लाकडी खुंटी आणि तिच्यावर लवचिक रबरी डोके. ग्रँट यांनी ती विकलीच नाही, ओळखीच्यांना वाटली. पुढे 1920 च्या दशकात न्यू जर्सीचे आणखी एक दंतवैद्य विल्यम लोवेल यांनी खोलगट डोक्याची रंगीत टी काढली, वॉल्टर हेगनसारख्या नामांकित खेळाडूला पैसे देऊन ती त्याच्या हाती दिली आणि माल धडाक्याने खपला. लगेच नकला निघाल्या. लोवेल यांचा पैसा कोर्टकचेऱ्यांत गेला, कारण खुंटीवर चेंडू ठेवणे ही कल्पना केव्हाच जुनी झालेली होती आणि त्यांच्या वाट्याला उरलेला हक्क अगदी चिंचोळा होता.

हा हक्क किती रुंद आहे, हे पेटंटाच्या शीर्षकावरून कळत नाही, चित्रावरूनही नाही. शेवटी क्रमांक घालून लिहिलेले दावे, म्हणजे ‘क्लेम’, तेवढे कायदेशीर कुंपण. दाव्यात चार भाग लिहिले असतील आणि तुमच्या वस्तूत तीनच असतील, तर शब्दशः उल्लंघन होत नाही. दटावणाऱ्याला विचारायचे ते एवढेच: पेटंटाचा क्रमांक काय, भारतात मंजूर आहे का, वार्षिक शुल्क भरलेले आहे का, आणि पहिला दावा काय म्हणतो?

‘भारतात’ हा शब्द महत्त्वाचा. कोबर्न हॅस्केल यांनी रबराचा धागा ताणून गाभ्यावर गुंडाळलेला चेंडू काढला आणि 1899 मध्ये अमेरिकेत 622834 क्रमांकाचे पेटंट मिळवले. गुट्टा-पर्चाचा (झाडाच्या घट्ट झालेल्या चिकाचा) जुना चेंडू त्याने हद्दपार केला. हेच पेटंट ब्रिटनमध्ये मात्र कोर्टात टिकले नाही. धागा गुंडाळलेले चेंडू तिथे आधीच कुणी तरी बनवून वापरले होते, हे साक्षीदारांनी सिद्ध केले. शोध एकच, पण एका देशात हक्क आणि दुसऱ्यात रद्दी. मंजूर पेटंटही अभेद्य नसते. अलीकडच्या काळात टायटलिस्ट प्रो व्ही1 चेंडूवरून कॅलवे आणि अक्युश्नेट या गोल्फ साहित्याच्या कंपन्यांची 2006 पासून झुंज चालली. आधी ज्यूरीने बहुतेक दावे वैध ठरवले, मग वरच्या कोर्टाने तो निकाल बाजूला ठेवला, आणि 2010 च्या दुसऱ्या ज्यूरीने तेच दावे अवैध ठरवले.

हॅस्केलच्या ब्रिटिश प्रकरणातली चूक आपल्याकडे आजही होते, आणि इथे तर शोध लावणारा स्वतःच करतो. अर्जाआधी वस्तू प्रदर्शनात मांडली, समाजमाध्यमावर चित्रफीत टाकली, गिऱ्हाईकाला विकली, की नावीन्य संपले. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासाठी कलम 31 खाली 12 महिन्यांची सवलत आहे, त्यासाठी फॉर्म 31 भरावा लागतो. पण गणपती-दिवाळीच्या आसपास मैदानावर मांडव घालून भरणारे औद्योगिक प्रदर्शन त्यात आपोआप बसत नाही. कॉलेजच्या प्रकल्प स्पर्धेचेही तसेच. तेव्हा आधी प्रोव्हिजनल अर्ज करावा, मग काय दाखवायचे ते दाखवावे. प्रोव्हिजनलला दाव्यांची गरज नसते, वर्णन आणि रेखाटने पुरतात, आणि पूर्ण तपशीलपत्र द्यायला 12 महिने मिळतात. मात्र प्रोव्हिजनलमध्ये जे लिहिले नाही त्याला आधीची तारीख मिळत नाही. एका पानाचे ढोबळ वर्णन देऊन वर्षाने भलतेच यंत्र मांडणारे इथे फसतात.

आता प्रत्यक्ष छपाई, कारण पेटंट घेण्याजोगे काही असेल तर ते इथल्या अडचणींतच सापडते.

नियमानुसार गोल्फ चेंडूचा व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी आणि वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. पृष्ठभागावर साधारण 300 ते 500 खळगे. हे खळगे 1905 मध्ये लेस्टरच्या विल्यम टेलर यांनी पेटंट केले, जे मूळचे भिंगे बनवणारे. चेंडूवरचा लोगो बहुधा 22 मिलिमीटरच्या वर्तुळात बसवतात, आणि त्याला कारण भूमिती आहे. 22 मिलिमीटर रुंद लोगोच्या मध्यापेक्षा कडा सुमारे 3 मिलिमीटर खाली जाते. लोगो 30 मिलिमीटर केला तर कडा 6 मिलिमीटरहून जास्त खाली. सपाट टेबलाच्या यूव्ही प्रिंटरला शाई फवारणारे हेड आणि वस्तू यांत दीड-दोन मिलिमीटर अंतर लागते, म्हणून 22 मिलिमीटरलाच कडेची अक्षरे धूसर व्हायला लागतात. पॅड प्रिंटिंगमध्ये सिलिकॉनचे पॅड दबून वक्राला बिलगते, त्यामुळे हा प्रश्न बराच सुटतो. पण तिथेही कडेची अक्षरे ताणली जातात, तेव्हा आर्टवर्क तयार करतानाच कडेकडे थोडे आवळून घ्यावे लागते. किती, ते त्या पॅडवर चौकटीची जाळी छापून मोजावे. संगणकातला आकडा पॅडच्या कडकपणाशी जुळत नाही.

पॅड प्रिंटिंगची रीत जुनी आहे. सिलिकॉन पॅडचे आजचे यंत्र 1960 च्या दशकात जर्मनीत विल्फ्रीड फिलिप यांनी घड्याळाच्या तबकड्यांसाठी विकसित केले. आज ती कुणाचीच मक्तेदारी नाही. प्लेटवरचे खोदकाम 25 मायक्रॉनच्या आसपास, आणि सुकलेला शाईचा थर बहुधा दहा मायक्रॉनच्या आत. खोदकाम जास्त खोल केले तर शाई गडद येते, पण बारीक अक्षरे भरून जातात. इंक कप (शाईची उपडी वाटी) प्लेटवरून सरकून गेला की प्लेटवरच्या शाईतला थिनर वरच्या बाजूने उडतो, ती बाजू चिकट होते आणि पॅडला धरते. पॅड उचलून वस्तूकडे जाईपर्यंत दुसरी बाजू चिकट होते आणि वस्तूला धरते. सगळा खेळ या दोन-तीन सेकंदांचा. म्हणून सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये, शेडमधला पारा चाळिशीला टेकलेला असताना, शाई प्लेटवरच सुकते आणि बारीक रेघा गायब होतात. तेव्हा सावकाश उडणारा थिनर वापरावा, एकूण थिनर 10 ते 15 टक्क्यांच्या पुढे नेऊ नये. पातळ करून भागवले तर शाई पसरते आणि रंग फिका पडतो. कोरड्या थंडीत स्थिर विजेमुळे अक्षरांच्या कडेला केसासारखे धागे फुटतात. स्थिर वीज घालवणारा आयोनायझर असेल तर उत्तम, नसेल तर यंत्राला अर्थिंग आणि खोलीत ओलावा. पावसाळ्यात त्रास हार्डनरचा, म्हणजे शाई पक्की धरावी म्हणून तिच्यात मिसळायच्या द्रवाचा. तो हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावतो. डबा उघडा राहिला तर चार-सहा दिवसांत त्यात साका धरतो, आणि तसा हार्डनर घातलेली छपाई नखानेही निघते.

हार्डनर डोळ्याने ओतू नये. काही शायांना 4 भागांना 1, काहींना 10 भागांना 1 असे वजनाचे प्रमाण असते आणि ते डब्यावरच छापलेले असते. ग्रॅमचा काटा ठेवावा. कालवलेली शाई साधारण एका पाळीपुरती. उरलेली दुसऱ्या दिवशी थिनर घालून वापरणे ही सर्रास चालणारी चूक, ती त्या दिवशी कळत नाही, माल गेल्यावर कळते. छपाई पाच मिनिटांत हाताला सुकल्यासारखी लागते, पण पूर्ण पकड यायला पाच-सात दिवस लागतात, तापमान 15 अंशांखाली असेल तर आणखी.

चेंडूचा स्वतःचा एक पेच आहे. बाहेरचे आवरण सर्लिनसारख्या आयोनोमर प्लास्टिकचे किंवा युरेथेनचे, आणि त्यावर पारदर्शक लेप. कारखान्यात कंपनीचे नाव बहुधा लेपाखाली छापतात, आपल्यासारखे छापणारे लेपावर छापतात, म्हणून आपली छपाई क्लबच्या, म्हणजे फटका मारायच्या काठीच्या, घासण्याला उघडी असते. लेपावरचे हाताचे तेल आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे, डाइन पेनने (पृष्ठभाग शाई धरेल का ते दाखवणाऱ्या पेनने) पृष्ठभाग 38 ते 40 दाखवतो का पाहावे. कमी दाखवला तर हलकी फ्लेम (ज्योत फिरवणे) किंवा प्रायमर (अस्तर). फ्लेम एका जागी थांबली तर लेपाची चकाकी जाते, आणि सर्लिन शंभर अंशांच्या आतच वितळायला लागते. चेंडूवर थेट सब्लिमेशन (उष्णतेने शाईची वाफ करून ती वस्तूत मुरवणे) होत नाही, तेही याच कारणाने. सब्लिमेशनला 190-200 अंश लागतात. खेळाडूच्या पॉलिस्टर टॉवेलवर ते 45 ते 60 सेकंदांत छान बसते. सुती टॉवेलवर बसत नाही, दोन धुण्यांत उडते.

पॅडचे टोक लोगोच्या बरोबर मध्यावर उतरवू नये. तिथे हवा अडकते आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. टोक थोडे बाजूला, लोगो पॅडच्या उतारावर. नवे पॅड सिलिकॉनचे तेल सोडते, तेव्हा सुरुवातीचे काही ठसे कागदावर द्यावेत. पॅडवरची धूळ पॅकिंग टेपने उचलावी. प्रत्येक वेळी थिनरने पुसल्यास पॅड लवकर कोरडे होऊन शाई उचलेनासे होते. दुसऱ्या दिवशी टेप लावून झटक्यात ओढावा, आणि लॉटमधले तीन-चार चेंडू रात्रभर पाण्यात ठेवून पुन्हा ओढावा. पहिल्या परीक्षेत टिकलेली छपाई पाण्यानंतर सुटली तर दोष बहुतेक वेळा पुसण्यात किंवा हार्डनरमध्ये असतो, पॅडमध्ये नाही.

सगळ्यात जास्त रिजेक्शन मात्र चेंडू कसा धरला यामुळे होते. चेंडूवर कंपनीचे नाव आधीच असते आणि गिऱ्हाईकाचा लोगो त्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूला सरळ यायला हवा. दोन रंग असतील तर दोन ठशांमध्ये चेंडू केसभरही फिरता कामा नये. मोठे कारखाने कॅमेऱ्याने दिशा शोधतात, लहान छापखान्यांत ऑपरेटर डोळ्याने फिरवतो. खळग्यांत बसणाऱ्या तीन खुंट्यांची बैठक सुचते खरी, पण खळग्यांची मांडणी कंपनीगणिक वेगळी. एका चेंडूला बसलेली खुंटी दुसऱ्याला बसत नाही. नव्या कल्पनेला जागा आहे ती इथे, या बैठकीत. ‘चेंडूवर छपाई’ या शीर्षकात जागा शिल्लक नाही.

समजा अशी कुठल्याही चेंडूला जुळवून घेणारी बैठक कुणी बनवली. दावा ‘गोल्फ चेंडूवर छपाई करण्याचे सोपे, स्वस्त व टिकाऊ यंत्र’ असा लिहिला तर तो तपासनीसाच्या पहिल्याच फेरीत पडेल. सोपे-स्वस्त हे गुण झाले, रचना नव्हे. दाव्यात भाग यावेत आणि ते एकमेकांशी कसे जोडले आहेत ते यावे: शंकूसारखी बैठक, तिच्या तळाशी निर्वाताला जोडलेले छिद्र, बैठकीच्या कडेवर स्प्रिंगने आतबाहेर होणाऱ्या खुंट्या, आणि खुंट्या खळग्यांत स्थिरावल्यावरच निर्वाताची झडप उघडणारी जोडणी. शेवटची जोडणी सगळ्यात मोलाची. कलम 3(एफ) नुसार ज्ञात साधने नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापले जुनेच काम करत राहिले, तर तो शोध धरत नाहीत. जोडणीमुळे एकत्रित नवा परिणाम होतो हे दिसावे लागते. ‘गोल्फ चेंडू’ऐवजी ‘मूलतः गोलाकार वस्तू’ लिहावे, नाही तर शेजारचा तीच बैठक कपाटाच्या मुठी छापायला वापरेल आणि तुम्ही पाहत राहाल. मुख्य दाव्याखाली आश्रित दावे घालावेत, त्यात खुंट्यांची संख्या, स्प्रिंगची ताकद, शंकूचा कोन असे आकडे यावेत. मुख्य दावा कोसळला तर माघार घ्यायला ती जागा. कलम 3(एम) खाली खेळ खेळण्याची पद्धत पेटंट होत नाही आणि 3(एल) खाली कलाकृती होत नाही, म्हणजे गुणांकनाची नवी रीत किंवा चेंडूवरचे सुंदर चित्र घेऊन पेटंट कार्यालयात जाऊ नये. चित्राला कॉपीराइट आहे. मार्कर, बॅगेचा टॅग यांच्या दिसण्याला डिझाइन नोंदणी आहे: कोलकात्याचे कार्यालय, व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला 1,000 रुपये, मुदत 10 अधिक 5 वर्षे. आपल्याकडच्या बऱ्याच भेटवस्तूंना हीच वाट योग्य आणि स्वस्त आहे.

शाईच्या मिश्रणाचे मात्र पेटंट घेऊ नये, असे आमचे मत. कायदा सर्वांत चांगली ज्ञात पद्धत उघड करायला लावतो. ती दडवली तर पेटंटच अडचणीत येते. उघड केली तर बंद शेडमध्ये कोण ती वापरतो हे छापलेला चेंडू पाहून कळणार नाही. जे विकत घेऊन, उघडून पाहता येते, जसे जिग, त्याला पेटंट. जे पाहून कळत नाही ते कुलपात. कामगारांशी गुप्ततेचा लेखी करार मात्र हवा. जिग कामगाराने सुचवले असेल तर संशोधक म्हणून त्याचे नाव आणि हक्क हस्तांतराचा कागद दोन्ही हवेत. पगार देतो म्हणून शोध मालकाचा, असे आपोआप होत नाही. प्राचार्यांपासून सगळ्यांची नावे घुसवलेले अर्ज उद्या वाद झाला तर याच मुद्द्यावर अडकतील.

एकदा पेटंट घेऊन थांबणेही कामाचे नाही. झेरॉक्स तंत्राचे जनक चेस्टर कार्लसन यांनी 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरियात गंधक लावलेल्या जस्ताच्या पत्र्यावर पहिली कोरडी प्रत काढली. पेटंट 2297691 त्यांना 6 ऑक्टोबर 1942 ला मिळाले. तेव्हा अमेरिकेत मुदत मंजुरीपासून 17 वर्षे होती, म्हणजे ते 1959 मध्ये संपले. झेरॉक्स 914 हे यंत्र जाहीर झाले त्याच वर्षी! झेरॉक्स कंपनी तरली ती मधल्या काळात घेतलेल्या सुधारणांच्या पेटंटांवर.

खर्चाची भीती अवास्तव आहे. व्यक्ती किंवा उद्यम नोंदणी असलेला लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जाचे सरकारी शुल्क 1,600 रुपये, तपासणीचे 4,000, लवकर प्रसिद्धीचे 2,500. मोठ्या कंपनीला याच्या पाचपट. 30 पाने आणि 10 दावे यांपुढे जादा शुल्क लागते. फर्मच्या नावाने अर्ज असेल तर फॉर्म 28 सोबत उद्यम प्रमाणपत्र जोडावे. तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण, सहाव्या वर्षापर्यंत दरसाल 800 रुपये. ते चुकले की पेटंट संपते, आणि अशी संपलेली पेटंटे कुणालाही वापरता येतात. खरा खर्च तपशीलपत्र लिहून घेण्याचा. तिथे काटकसर करू नये.

वेष्टनावर ‘पेटंटेड’ छापणाऱ्यांनीही जपावे. मंजुरी नसताना तसे छापणे कलम 120 खाली येते, आणि 2023 च्या जनविश्वास कायद्यानंतर त्याचा दंड दहा लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. अर्ज प्रलंबित असेल तर ‘अर्ज केला आहे’ एवढेच लिहावे. छापखान्यांनी असा मजकूर छापण्याआधी गिऱ्हाईकाकडून क्रमांक मागून घ्यावा.

संपादक महोदय, आपल्याकडेही तीच विनंती. पेटंटाची बातमी देताना अर्जाचा क्रमांक, टप्पा आणि पहिला दावा दोन ओळींत छापावा. भारतीय अर्जाचा क्रमांक बारा आकड्यांचा असतो: पहिले चार वर्षाचे, पाचवा कार्यालयाचा (मुंबईसाठी 2), सहावा अर्जाच्या प्रकाराचा (साध्या अर्जाला 1), पुढचे सहा अनुक्रमाचे. वार्ताहराने तो पेटंट कार्यालयाच्या इनपास या मोफत शोधसेवेत टाकला की अर्ज नुसता प्रसिद्ध आहे, तपासणीत आहे, मंजूर आहे की सोडून दिला आहे, ते समोर दिसते. मागे आडवी रेघ आणि 001 असा क्रमांक असेल तर ती डिझाइन नोंदणी, तिची बातमी डिझाइन म्हणूनच यावी.

– पॅड प्रिंटिंग व फिक्स्चर व्यवसायातील काही वाचक,
कुपवाड, जि. सांगली